चूलबंद मेल

साडू म्हणजे सासऱ्याच्या तराजूतलं दुसरं पारडं. तो जरा जड झाला की आपण बसल्या जागी वर उचलले जातो, आणि वर जाणारं पारडं हलकं असतं हे सांगायला बाजारात जावं लागत नाही. शेजारी भारी निघाला तर घर बदलता येतं. साडू बदलायचा तर बायको बदलावी लागते, आणि तो खर्च कुठल्याच खात्यात बसत नाही.

माझे साडू ललितराव धुळ्याचे. कामिनीच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या धाकट्या बहिणीचे यजमान. जळगावात रुपचंदशेठची केळी निर्यातीची कंपनी आहे, तिथे आम्ही दोघं नोकरीला. त्यांना तिथे मीच चिकटवलं. हे वाक्य मी या कथेत पुन्हा म्हणणार नाही, कारण कामिनीने तशी ताकीद दिली आहे.

तर ललितरावांचे मेल. शेठ सकाळी चहा घेताना ते मोठ्याने वाचतात, जसं एखाद्या घरी पोथी वाचतात. मागे एकदा बंदरावरून निरोप आला की कंटेनर दोन दिवस उशिरा निघेल. एवढीशी गोष्ट. ललितरावांनी तिचे तीन मेल केले. वाशीच्या खरेदीदाराला तीन ओळी : माल थंड खोलीत आहे, रंग फिरलेला नाही, फोटो सोबत आहेत. बँकेला भरगच्च परिच्छेद, वर खाते क्रमांक, खाली ‘कृपया नोंद घ्यावी’. आणि शेतकऱ्यांना : ‘राम राम मंडळी. पैसे ठरल्या दिवशीच जमा होतील. घड मात्र दोन दिवस कापू नका.’ शेतकरी शेवटची ओळ आधी वाचतो, म्हणून या गृहस्थांनी शेवटची ओळच आधी लिहिली. शेठ म्हणाले, याला म्हणतात माणूस ओळखणं. मला हे सुचलं नसतं असं नाही. मला ते शिष्टसंमत वाटलं नसतं.

माझी पद्धत वेगळी. मी या कंपनीत केळीच्या पाटीपासून क्रेटपर्यंतचा काळ पाहिला आणि सगळ्या काळात एकच पत्र लिहिलं : ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’. डिझेल संपलं तरी हेच आणि शेठच्या मुलीला मुलगा झाला तरी हेच. समोरचा कोण आहे ते पाहून भाषा बदलणं हे मला कायम थोडं बहुरूप्याचं काम वाटत आलं. साखरपुडा झाल्यावर चोपड्याहून कामिनीला पहिलं पत्र लिहिलं तेही ‘उपरोक्त विषयास अनुसरून मी येथे खुशाल आहे’ असंच सुरू केलं होतं. ते तिने जपून ठेवलं आहे. दिवाळीला माहेरी सगळे जमले की काढून वाचते. ललितराव त्यावर हसत नाहीत, उलट ‘फार छान मांडणी आहे भाऊ’ म्हणतात. हसले असते तर मी त्यांना कधीच माफ करून टाकलं असतं.

आता केबिनचं सांगतो, कारण सगळं तिथून पेटलं. शेठनी ऑफिसात काचेची एक केबिन करून घेतली. आत एसी, फिरती खुर्ची, दाराला पितळी मूठ. तिथे बसणारा माणूस कंपनीच्या सगळ्या पत्रव्यवहाराचा प्रमुख होणार होता. जळगावचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला या केबिनचं मोल सांगायला नको. उन्हाळ्यात आमच्या हॉलमधला पंखा वारा घालत नाही, गरम हवा सगळ्यांना सारखी वाटून देतो. केबिन कोणाची हे शेठ सांगत नव्हते. मी रोज जेवणाच्या सुट्टीत काचेवरची बोटं पुसायचो. लोकांना वाटायचं स्वच्छतेची आवड आहे.

डिसेंबर लागला आणि शेठनी जाहीर केलं की यावलजवळच्या आपल्या पॅकहाऊसवर भरीत पार्टी करायची. वाशीच्या खरेदीदारांच्या सोनल मॅडम बागा बघायला येणार होत्या. त्यांच्या एका होकारावर आखाताचं वर्षभराचं गिऱ्हाईक ठरणार होतं. त्या निमित्ताने तालुक्याचे साहेब लोक आणि आपल्याला माल देणारे शेतकरीही बोलवायचे. आणि नेमकं त्याच आठवड्यात ललितरावांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, ते धुळ्याला गेले. मी वाईट चिंतलं नाही. मोतीबिंदू आपल्या वेळेनेच पिकतो.

शेठनी मला बोलावलं. “प्रल्हादभाऊ, तीन तऱ्हेचे मेल काढा. मॅडमना एक, साहेबांना एक, शेतकऱ्यांना एक. ज्याला त्याला रुचेल असं. ललितसारखं.”

“ललितसारखं कशाला,” मी म्हणालो, “चांगलंच काढतो.”

“पार्टी नीट पार पडली की केबिनचं बघू,” शेठ म्हणाले, आणि माझ्या मनातल्या मनात एसी सुरू झाला.

घरी सांगितलं तर कामिनी म्हणाली, ललितरावांना एक फोन करा, ते दोन मिनिटांत सांगतील. या घरात मीठ कमी पडलं तरी ललितरावांना फोन करा असं म्हणायची पद्धत पडत चालली आहे. मी फोन केला नाही. त्याऐवजी अनुभवी माणसांचा सल्ला घेतला.

आमच्या शेजारी ईश्वरनाना राहतात. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण अजून सकाळी दहाला शर्ट पँटीत खोचून ओट्यावर बसतात. त्यांनी सांगितलं की सरकारी माणूस मजकूर वाचत नाही, तो आधी आपलं नाव कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली आहे ते बघतो. कोणता साहेब कोणाच्या वर, याची उतरंड त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवली. शिवाय असंही सांगितलं की साहेबांच्या पत्रात शेतकऱ्यांविषयी थोडी शिस्तीची भाषा असावी, त्याने साहेबांना आपण साहेब असल्यासारखं वाटतं.

कोपऱ्यावर गोपालचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. आमच्याकडची पत्रिका परगावच्या माणसाला मतदारयादी वाटते. गोपालचं म्हणणं असं की पत्रिकेत मुलाचं नाव चुकलं तरी लग्न लागतं, पण चुलत आत्याच्या जावयाचं नाव सुटलं तर मांडवात तोंडं फिरतात. “नाव सुटलं की माणूस सुटला, भो,” तो म्हणाला. “आणि नाव नुसतं छापून भागत नाही. ते बाकीच्यांनी पाह्यलं पाहिजे. त्यातच मान असतो.”

हे मला पटलं, कारण हे मला आधीपासून माहीत होतं. आवतण लपवून देत नाहीत. गावात चूलबंद आवतण आलं, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, कुलूप घालून सगळ्यांनी जेवायला यायचं, की आवतण देणारा ते दारात उभं राहून खणखणीत सांगतो. शेजारच्या चार घरांना ऐकू गेलं पाहिजे. ज्याला ‘घरटी एक’ असतं, म्हणजे एका घरातून एकच माणूस, त्यालाही कळतं की आपली पायरी कोणती. मेलमध्ये याची सोय कुठे आहे ते मी शोधत होतो आणि मला सीसी सापडली. ज्याच्यासाठी मेल आहे त्याचं नाव वरच्या ओळीत, आणि त्याच्याखाली सीसीची रिकामी जागा, हव्या तेवढ्या नावांना पुरेल अशी. ललितराव त्या जागेत कधी फारसं कोणाला घालत नसत. मला त्यांची कीव आली. एवढा हुशार माणूस, पण पत्रिकेचा तळ रिकामा सोडतो.

मग मी तीन मेल लिहिले, आणि माझ्या तोंडाने सांगू नये, पण ज्याला त्याला रुचतील असेच लिहिले. सोनल मॅडमना लिहिलं : ‘आमच्या सर्व बागा निरोगी असून आमचे शेतकरी अत्यंत साधे व आज्ञाधारक आहेत. आपणासाठी बिनमिरचीचे भरीत वेगळे करण्यात येईल.’ साहेबांना लिहिलं : ‘शेतकऱ्यांना शिस्त लावण्याचे काम कंपनी कठोरपणे करीत आहे. आपण स्वतः उपस्थित राहावे.’ आणि शेतकऱ्यांना अगदी घरच्या भाषेत : ‘राम राम. आवतण चूलबंद आहे. साहेब लोक येतील ते आपलं भरीत खातील आणि जातील, त्यांचं मनावर घेऊ नका. वाशीच्या बाई आल्या की त्यांना पुढची बाग दाखवायची. मागच्या बागेत करपा आहे, तिकडे कोणी नेऊ नका.’ तिन्ही वाचून पाहिले. ललितरावांना तोंडात बोट घालायला लावतील असे उतरले होते.

आणि मग तिन्ही मेलच्या सीसीत मी सगळ्यांना घातलं. साहेबांना नानांच्या उतरंडीने. शेतकऱ्यांना वयाने, मालाने आणि नात्याने. प्रत्येकाला दिसलं पाहिजे की प्रत्येकाला बोलावलं आहे. निर्यातीच्या नोंदणीसाठी आम्ही प्रत्येक शेतकऱ्याचा मेल काढून घेतलेलाच होता, कोणाचा मुलाच्या मोबाईलवर, कोणाचा सुनेच्या. माझे सासरे, यावलचे कौतिकआबा, तेही आम्हाला माल देतात. त्यांचं नाव मी यादीत सर्वांत शेवटी घातलं, कारण पंगतीत घरचा माणूस शेवटी बसतो. यात काय चुकलं ते आजही मला कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

मेल गेले. मी चहा मागवला.

चहा यायच्या आधी आबांचा फोन आला. त्यांची सून मेल मोठ्याने वाचून दाखवते, तिने यादीही वाचली होती. “जावईबापू,” आबा म्हणाले, “त्या धुरपदाबाईचं नाव माह्या वरते? अन् मले शेवटी टाकलं? मले का वाढप्यांत धरलं तुम्ही?” धुरपदाबाई ही आबांच्या बांधाला बांध लागून असलेली शेतकरीण. तिचा घड आबांच्या घडापेक्षा भरतो आणि ती हे बांधावर उभी राहून सांगते. आबांनी फोन ठेवला तो खाली ठेवला की आपटला हे आवाजावरून कळलंच.

त्यानंतर ज्याने त्याने सगळ्यांनाच उत्तर द्यायला सुरुवात केली. एका शेतकऱ्याने विचारलं, चूलबंदमध्ये जावई धरायचा का. दुसऱ्याने त्याला सांगितलं, तुझा जावई तर वर्षभर तुझ्याकडेच असतो. एका साहेबांनी विचारलं की शेतकऱ्यांना सहकुटुंब निमंत्रण आहे आणि आम्हाला ‘स्वतः’, यामागे कंपनीचं काही धोरण आहे काय. दुसऱ्या साहेबांनी ‘भरीत खातील आणि जातील’ या वाक्याखाली रेघ ओढून, माहितीस्तव, म्हणून परत पाठवलं. धुरपदाबाईने मुलाकडून लिहवून घेतलं : ‘आज्ञाधारक म्हंजे काय, ते पार्टीत येऊन दाखवू.’ आणि या सगळ्या गर्दीत एक छोटा मेल आला, ज्यात नमस्कारही नव्हता : ‘मागची बाग आधी पाहू. सोनल.’

तो मी वाचला तेव्हा शेठ माझ्या मागे उभे होते. शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर चार माणसांत भांडण झाल्याचं समाधान तरी मिळालं असतं. “प्रल्हादभाऊ,” ते म्हणाले, “तीन माणसांना तीन गोष्टी सांगायच्या होत्या. तुम्ही तिघांना तिन्ही सांगितल्या. आता हे गिऱ्हाईक गेलं तर वर्षभराचा माल कुठे घालायचा तेही मेलनेच कळवा.” मग काचेच्या केबिनकडे बघून पुढे म्हणाले, “ललितला फोन लावा.”

माणसाच्या आयुष्यात काही फोन असे असतात की ते लावण्यापेक्षा तारेवरून चालत जाणं सोपं वाटतं. मी बाहेर जिन्यात जाऊन लावला. ललितराव धुळ्याच्या दवाखान्यात आईच्या खाटेशी बसले होते. मी आधी आईची तब्येत विचारली, मग धुळ्याची हवा विचारली, मग विचारण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा झालेलं सांगितलं. पलीकडून हसणं ऐकू येतंय का म्हणून मी कान देऊन होतो. आलं नाही. “भाऊ, काही टेन्शन लेऊ नका,” ते अहिराणीवर येत म्हणाले. आपुलकीचं काही बोलायचं असलं की ते अहिराणीवर येतात. “बठ्ठं व्हई जाई. मी शे ना.” म्हणजे सगळं होऊन जाईल, मी आहे ना. “फक्त तुमचा पासवर्ड सांगा, तुमच्या नावानेच पाठवतो. माझ्या नावाने गेलं तर बरं दिसणार नाही. शेठना मी कळवतो, भाऊंनी स्वतःच निस्तरलं म्हणून.”

पासवर्ड सांगायचा म्हणजे तोंडाने उच्चारायचा हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हणालो, नंतर मेसेज करतो. ते म्हणाले, वेळ नाही भाऊ, सांगा. मी जिन्यात वर-खाली पाहिलं आणि हळूच सांगितलं : केबिन माझी. इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता.

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

“मोठ्या लिपीत का लहान?” ललितरावांनी विचारलं.

मी लहान म्हणालो. मला त्या क्षणी वाटलंही तेवढंच.

संध्याकाळी मी माझ्याच नावाने गेलेले मेल वाचत बसलो. सोनल मॅडमना लिहिलं होतं : ‘आमच्यातलं बोलणं तुमच्यापर्यंत पोहोचलं. ते खरं आहे. मागच्या बागेत करपा आहे. ती आधी दाखवतो, काय उपाय चालले आहेत तेही दाखवतो, मग पुढची बघा. मिरचीचं तुम्हीच सांगा.’ साहेबांना प्रत्येकाला वेगळा, नावानिशी, सहकुटुंब, आणि दुसऱ्या कोणाचंही नाव त्यात दिसत नव्हतं. शेतकऱ्यांना एकच ओळ : ‘चूलबंद म्हणजे चूलबंद, जावई धरून.’ आणि आबांना एक स्वतंत्र मेल, सुनेने मोठ्याने वाचावा असा मोठ्या अक्षरांत : ‘आबा, यादीत शेवटी नाव यजमानाचं असतं. पाहुणे आधी, आपण शेवटी. तुमचा हात लागल्याशिवाय पहिलं वांगं विस्तवावर जाणार नाही.’

आबांचा फोन आला. “जावईबापू,” म्हणाले, “डोयात पानी आनलं तुम्ही.”

आता मला सांगा. घरचा माणूस शेवटी, हे माझंच होतं. मी तेच केलं तेव्हा फोन आपटला, यांनी तेच लिहिलं तेव्हा डोळ्यात पाणी. माल माझा, भाव त्यांना. आणि वर सही माझी, म्हणजे तक्रार करायची तरी कोणाकडे.

पार्टीच्या दिवशी यावल आणि चोपड्याकडच्या गावांतली किती घरं खरंच चूलबंद होती हे पॅकहाऊससमोरच्या ट्रॅक्टरांवरून दिसत होतं. जावई धरून आले होते. साहेबांनी सहकुटुंब या शब्दाचा अर्थ मेव्हण्यापर्यंत ताणला होता. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या आगीवर वांगी भाजत होती. पहिलं वांगं आबांनी ठेवलं, फेटा बांधून, जसं काही पुलाचं भूमिपूजन करत आहेत. दुसरं ठेवायला धुरपदाबाई त्यांना कोपराने सरकवून पुढे झाली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, नाव वर घातलं ते बरं केलं. आता पानही वरच मांडा.” केळीचं पान तिने स्वतःच आणलं होतं, स्वतःच्या बागेतलं, आणि ते बाकीच्या पानांहून हातभर रुंद होतं.

एवढ्या माणसांना पुरेल असं भरीत कालवायला भांडं कुठे आहे, हा प्रश्न मला वांगी सोलून झाल्यावर पडला. ललितरावांना तो धुळ्यातच पडला होता. आईला बहिणीवर सोपवून ते निघाले आणि वाटेत सोनगीरला उतरून, ओळखीच्या दुकानातून आंघोळीला बसता येईल एवढं पातेलं भाड्याने घेऊन, चोपड्यामार्गे जीपने आले. चूलबंद लिहिणाऱ्याने भांड्याचा विचार करायचा असतो, असं ते म्हणाले नाहीत. पातेलं उतरवताना फक्त “जरा हात लावा भाऊ” म्हणाले. त्यांच्या न बोललेल्या गोष्टी मला फार लागतात.

सोनल मॅडम आल्या आणि पाणीही न घेता मागच्या बागेत गेल्या. शेठ, मी, ललितराव आणि आबा मागोमाग. शेठनी वाटेत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडम एका झाडाशी उकिडव्या बसल्या, पानं उलटीसुलटी केली, कापून पुरलेली पानं कुठे आहेत विचारलं, फवारणीचं विचारलं. आबांनी उत्तरं दिली, तीही आबांच्या मानाने थोडक्यात. मग पुढची बाग पाहिली. घडांना हात लावून पाहिला, फण्या मोजल्या. शेठ केळीच्या खोडासारखे ताठ उभे होते.

“पुढच्या बागेचा माल आम्ही घेतो,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “मागची बरी झाली की फोटो पाठवा, मग तिचं बघू. या धंद्यात मला प्रत्येकाने पुढचीच बाग दाखवली आहे. मागची आधी दाखवणारे तुम्ही पहिले.” आणि माझ्याकडे वळून, “तुमचा तो दुसरा मेल मी आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. तो पहिला ज्याने लिहिला त्याला मात्र जरा सांभाळा.”

मी सांभाळतो म्हणालो.

इथे माझ्यावर कोणी अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवू नये म्हणून नोंदवतो की मी शेठना खरं सांगायला दोनदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आबांनी तोंडात भरताचा घास कोंबला, ‘आमचे मोठे जावई’ असं साहेबांना सांगत. ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. अशा घासावर माणूस फक्त पाणी मागू शकतो. दुसऱ्यांदा तोंड रिकामं होतं, पण शेठच सुरू झाले. सर्वांसमोर म्हणाले की चूक करून ती निस्तरायला अंगात पाणी लागतं, आणि प्रल्हादभाऊंचा असा मेल मी आजवर पाहिला नव्हता, केबिन त्यांचीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत मोठ्याने ललितरावांनी. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, हे बरोबर नाही, मी सांगून टाकतो. ते माझ्या पानात भरीत वाढत म्हणाले, “भाऊ, नाव तुमचं होतं ना, मग मेल तुमचाच. मला इथे चिकटवलं कोणी?”

तर हे वाक्य पुन्हा आलं. पण ते मी म्हटलेलं नाही, याची कामिनीने नोंद घ्यावी.

पार्टीहून घरी आल्यावर कामिनीने पदर खोचून चूल, म्हणजे गॅस, पेटवला, चहा टाकला आणि मग म्हणाली, “तो मेल तुमचा नव्हता. त्यात एकदाही उपरोक्त नाही.” मी म्हणालो, मग तिथे का नाही बोललीस. ती म्हणाली, “आबा किती खूश होते पाहिलं ना. मोठा जावई मोठा दिसला एकदाचा. राहू द्या.”

सोमवारी मी केबिनमध्ये बसलो. खुर्ची फिरते. एसी गार आहे, डिसेंबरात जरा जास्तच, म्हणून मफलर गुंडाळून बसावं लागतं. काच इतकी चांगली आहे की बाहेरचं सगळं दिसतं आणि ऐकू काही येत नाही. बाहेर माझ्या जुन्या टेबलाशी ललितराव बसले होते. टेबल खिडकीजवळचं, तिथे हवा येते, हे मला इतकी वर्षं तिथे बसून लक्षात आलं नव्हतं. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले होते. ते काहीतरी सांगत होते, लोक पोट धरून हसत होते, शेठही. मी काचेला कान लावून पाहिला. काच गार लागली, एवढंच. तिच्यावर कानाचा ठसा उठला तो पुसला.

तेवढ्यात मेल आला. ललितरावांचा. विषय : काचेच्या केबिनमध्ये स्थानापन्न झाल्याबाबत.

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपण केबिनमध्ये विराजमान झालात ही बाब सर्व संबंधितांस अत्यंत आनंददायक वाटली आहे. सबब, आपण दुपारच्या चहास बाहेरील टेबलावर उपस्थित राहून उपकृत करावे. आमंत्रण चूलबंद समजावे. आपला विश्वासू, ललित.’ आणि खाली सीसीत सगळे : शेठ, सोनल मॅडम, नानांच्या उतरंडीने साहेब, मग शेतकरी, आबा धुरपदाबाईच्या बरोबर वर. सर्वांत शेवटी, घरचं माणूस म्हणून, कामिनी.

काय मेल होता. कुठे एक शब्द कमी नाही, ‘सबब’ नेमका जागेवर. वाचताना ऊर भरून आला, पुन्हा वाचला, प्रिंट काढली. आणि प्रिंट हातात गरम असतानाच कळलं की मला कसं लिहावं हे या गृहस्थांनी ओळखलं आहे. वाशीला वाशीसारखं, आबांना आबांसारखं, आणि मला माझ्यासारखं. मी हयातभर जे एकच पत्र लिहीत आलो, ते माझ्याहून चांगलं त्यांनी पहिल्याच फटक्यात लिहिलं होतं.

उत्तर द्यायलाच हवं होतं. ‘महोदय’ टाइप केलं. पुढे ‘उपरोक्त’ लिहायला बोट नेलं आणि थांबलो. त्यांची नक्कल केल्यासारखं वाटायला लागलं.

मग एसी बंद केला, मफलर सोडला आणि बाहेर गेलो. त्यांनी खुर्ची सरकवली, कप पुढे केला. साखर बरोबर मला लागते तेवढीच होती. अशा माणसाचं करायचं तरी काय.